व्हिएन्नाची रिंगश्ट्रास आणि हट्टा : एका ठरावाची भौगोलिक मर्यादा

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा ह्या गावाचे नाव भाषेच्या अभ्यासकापुढे एक लहानसा पेच उभा करते. संस्कृतातील ‘हट्ट’ म्हणजे बाजारपेठ. हा शब्द उत्तर भारतातील मध्ययुगीन शिलालेखांत वारंवार येतो, आणि मराठीत त्याचे ‘हाट’ झाले, हे सर्वश्रुत आहे. प्राकृतातील जोडव्यंजन सुटे व्हावे आणि त्याच्या मागचा ऱ्हस्व स्वर दीर्घ व्हावा, हा मराठीच्या घडणीतील एक ठळक नियम होय. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम ही त्याची नित्याची उदाहरणे. ह्या नियमाने ‘हट्टक’ ह्या विस्तारित रूपाचे ‘हाटा’ व्हावयास हवे होते. पण गावाचे नाव ‘हट्टा’ असेच टिकले आहे. नियम जेथे मोडलेला दिसतो, तेथेच इतिहासाला विचारण्यासारखा प्रश्न असतो.

हा नियम इंग्रजी शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यांपुढे पद्धतशीरपणे प्रथम मांडणाऱ्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांचे स्थान अग्रभागी आहे. १८७७ साली त्यांनी दिलेली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने पुढे १९१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ह्या व्याख्यानांनंतर नऊ वर्षांनी, १८८६ च्या शरद ऋतूत, भांडारकर व्हिएन्ना येथे भरलेल्या सातव्या आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषदेस उपस्थित राहिले. त्या परिषदेत संमत झालेल्या एका ठरावाचा हट्ट्याच्या नावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, परंतु तो स्पष्ट होण्यासाठी आधी भांडारकरांनी ज्या नगरीत पाऊल ठेवले, त्या नगरीच्या वृक्षांकित राजमार्गाकडे वळले पाहिजे.

व्हिएन्नाच्या जुन्या शहरास वेढणारा रिंगश्ट्रास हा मार्ग आज युरोपातील अत्यंत देखण्या रस्त्यांत गणला जातो. त्याची लांबी पाच किलोमीटरांहून थोडी अधिक आणि रुंदी सुमारे सत्तावन्न मीटर. मधून वाहनांचा रस्ता, दोन्ही अंगांस लिंडन, मेपल, प्लेन अशा जातींच्या वृक्षांच्या रांगा, त्यांच्या सावलीत पायी चालणाऱ्यांसाठी रुंद वाटा, आणि त्यांच्याही पलीकडे संगीतगृह, संसदभवन, नगरभवन, विद्यापीठ, वस्तुसंग्रहालये अशा भव्य वास्तूंची मालिका. नावात ‘रिंग’ असले तरी तो खरा वर्तुळाकार नाही. नालाच्या आकाराचा आहे, आणि डॅन्यूबच्या कालव्याकाठचा धक्का त्याची उघडी बाजू मिटवितो. आज तेथे जाणारा प्रवासी ट्रॅममध्ये बसून अथवा झाडांखालून पायी हिंडून ह्या शोभेचा आस्वाद घेतो व परततो. आपण एका पाडलेल्या तटाच्या जागेवरून चालत आहोत, हे त्याला कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.

व्हिएन्नाचा तट हा काही दिखाऊ तट नव्हता. १५२९ आणि १६८३ अशा दोन वेळा तुर्कांनी ह्या नगरीस वेढा घातला, आणि दोन्ही वेळा ती टिकली. दुसऱ्या वेढ्यानंतर तटाबाहेरची मोकळी पट्टी अधिक काटेकोरपणे राखण्यात आली. शत्रूस आडोसा मिळू नये आणि तोफेचा मारा निर्वेध व्हावा, म्हणून तटासमोरची भूमी बांधकामरहित ठेवावयाची. अशा उतरत्या मोकळ्या भूमीस युरोपीय दुर्गविद्येत ‘ग्लासी’ असे नाव आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युद्धाची भीती ओसरू लागली, तेव्हा दुसऱ्या जोसेफच्या काळात ह्याच पट्टीवर वाटा आखल्या गेल्या, झाडे लागली, आणि शहरातील लोक संध्याकाळी तेथे हिंडू लागले. म्हणजे रिंगश्ट्रास जन्मास येण्यापूर्वीच विहाराची सवय जन्मास आली होती, आणि तीही तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जमिनीवर.

२० डिसेंबर १८५७ रोजी सम्राट फ्रान्झ जोसेफ ह्याने आपल्या गृहमंत्र्यास पत्र लिहून तट पाडण्याची आज्ञा दिली. सेनाधिकाऱ्यांचा तिला विरोध होता. त्यांची धास्ती बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या प्रजेची होती, कारण १८४८ च्या उठावाला अद्याप दहा वर्षेही लोटली नव्हती. म्हणूनच नव्या मार्गाच्या आखणीत लष्कराच्या सोयीचाही विचार झाला आणि मार्गाजवळ मोठ्या बराकी उभ्या राहिल्या. रुंद रस्ता फौजेच्या हालचालीस सोयीचा आणि अडथळे रचावयास गैरसोयीचा. वृक्षांच्या रांगांमागे हा हिशेब दडलेला आहे. दुसरा हिशेब पैशाचा. ग्लासीच्या जमिनीचे तुकडे खासगी धनिकांना विकून जो निधी उभा राहिला, त्यातून सार्वजनिक वास्तू बांधल्या गेल्या. १ मे १८६५ रोजी सम्राटाने मार्गाचे समारंभपूर्वक उद्घाटन केले. बांधकामे मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. भांडारकर तेथे गेले तेव्हा संगीतगृहास सतरा वर्षे, संसदभवन व नगरभवन ह्यांस तीन वर्षे आणि विद्यापीठाच्या नव्या वास्तूस अवघी दोन वर्षे झाली होती. राजनाट्यगृह अजून पुरे व्हावयाचे होते. त्यांनी पाहिला तो मार्ग अर्धवट नवा, पांढऱ्या दगडाचा आणि कोवळ्या झाडांचा होता.

येथे शब्दांकडे थोडे पाहिले पाहिजे. पॅरिसच्या अशाच मार्गांना फ्रेंचांनी दिलेले ‘बुलव्हार’ हे नाव आज जगभर पसरले आहे. त्याचे मूळ मध्यकालीन डच भाषेतील तटाच्या बुरुजास असलेल्या नावात आहे. इंग्रजीतील ‘बुलवर्क’ हा त्याचाच सख्खा भाऊ. चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसचा तट काढून तेथे वृक्षांच्या रांगा लावण्याचे ठरविले, आणि बुरुज नाहीसा झाला तरी बुरुजाचे नाव झाडांना चिकटले. ‘एस्प्लनेड’ म्हणजे सपाट केलेली भूमी, तीही किल्ल्यासमोरचीच. लंडनच्या ‘मॉल’ला नाव मिळाले ते लाकडी हातोड्याने चेंडू टोलण्याच्या एका खेळावरून, आणि बार्सेलोनाच्या ‘रांब्ला’चे मूळ वाळूवाचक अरबी शब्दात आहे, कारण पूर्वी तेथे पावसाळी ओढ्याचे वाळवंटी पात्र होते. ह्या नावांपैकी एकही नाव मुळात झाडांचे नाही. बर्लिनचा ‘लिंडनवृक्षांखाली’ असा अर्थ असणारा मार्ग आणि पॉप्लर वृक्षावरून पडलेले स्पॅनिश ‘अलामेडा’ हे नाव, हे अपवाद.

मराठीची स्थिती नेमकी उलट आहे. ‘आमराई’ म्हणजे आपण आंब्याचे बन समजतो. पण तिचे मूळ ‘आम्रराजि’, अर्थात आंब्यांची रांग. ‘वनराई’तही तोच ‘राजि’ आहे. रांगेचा अर्थ पुढे पुसला गेला आणि दाटीचा अर्थ राहिला. हा अर्थबदल कशामुळे झाला, ह्याचा विचार कोशकारांनी फारसा केलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. विहारार्थ चालण्यालाही मराठीत जुना शब्द आहे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त सर्वज्ञ श्रीचक्रधर ‘विहरणा’ जातात, असे वारंवार सांगितले आहे. हे विहरण गावाबाहेरच्या देवळाकडे, मळ्याकडे, नदीकाठाकडे होते. त्यासाठी आखलेला मार्ग नव्हता आणि त्याची गरजही कोणास वाटली नव्हती. रस्त्याच्या कडेला झाडे लावण्याची परंपरा त्याहून फार प्राचीन आहे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मार्गांवर वटवृक्ष लावल्याचा, आम्रवाटिका केल्याचा आणि विहिरी खणल्याचा उल्लेख आहे. हेतू सांगितला आहे तो पशूंना व मनुष्यांना सावली मिळावी हा. (ह्या विहिरी अर्ध्या अर्ध्या कोसावर होत्या की आठ आठ कोसांवर, हा वाद ‘अढ’ ह्या दोन अक्षरांच्या अर्थावर अवलंबून आहे, वाटसरूच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.) आपल्याकडील मार्गवृक्ष वाटसरूसाठी होता, विहारासाठी नव्हे. तो गावाबाहेर होता. युरोपातील वृक्षमार्ग नगराच्या आत, तट पडल्यावर जन्मला. म्हणून ‘बुलव्हार’ला ‘वृक्षवीथी’ हा प्रतिशब्द देणारा अनुवादक डोळ्यांना दिसणारी वस्तू बरोबर सांगतो, तिचा इतिहास मात्र गाळतो.

असा तट पडण्याचा प्रसंग महाराष्ट्रात एका नगरीवर आला, आणि तोही व्हिएन्नाच्याच दशकात. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर मुंबईकर इंग्रजांनी घाईघाईने आपल्या कोटाभोवती खंदक खणण्यास हात घातला. तटासमोरची घरे व झाडे हटवून मोकळी भूमी राखण्यात आली, आणि १८०३ च्या मोठ्या आगीनंतर तिचा विस्तार झाला. हेच मुंबईचे एस्प्लनेड, मराठी लोकांच्या तोंडचे कांपाचे मैदान. व्हिएन्नाची ग्लासी तुर्कांच्या धास्तीने राखली गेली, तर मुंबईचे मैदान मराठ्यांच्या. आज ओव्हल अथवा आझाद मैदानावर सकाळी फिरावयास जाणाऱ्या मुंबईकराला मोकळी हवा मिळते, तिचे काही श्रेय चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेस द्यावे लागेल, असे म्हटले तर ते केवळ विनोदाने म्हटले असे होणार नाही.

गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्यांच्या कारकीर्दीत, १८६२ नंतर, हा तट पाडण्यात आला. गोविंद नारायण माडगावकर ह्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते ऐन ह्याच वेळी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला होता आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता; १८६५ मध्ये तो तितक्याच वेगाने ओसरला. मोकळ्या झालेल्या जागेवर न्यायालय, सचिवालय, तारघर आणि विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये आणि राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. मुंबई विद्यापीठ आणि व्हिएन्ना विद्यापीठ ही दोन्ही तटासमोरच्या तोफांच्या मैदानावर, दहा वर्षांच्या अंतराने, उभी राहिलेली आहेत. मुंबईत मात्र शहरास वेढणारा अखंड वृक्षमार्ग झाला नाही. मैदानाचे तुकडे पडले. तटाच्या खुणा नावांत राहिल्या. चर्चगेट हा दरवाजा पडला, त्या जागी १८६४ साली कारंजे आले, आणि दरवाजाचे नाव रेल्वेच्या स्थानकास जाऊन मिळाले. रॅम्पार्ट रो ह्या रस्त्याचे नावही कितीतरी काळ तसेच होते. पॅरिसमध्ये जे ‘बुलव्हार’चे झाले, तेच येथे झाले; फरक एवढाच की मुंबईचा शब्द सामान्यनाम बनू शकला नाही.

ह्या दोन्ही नगरींतील हा बदल जवळून पाहिलेला एक विद्वान होता. गेऑर्ग ब्यूलर हे १८६३ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात प्राच्य भाषांचे अध्यापक म्हणून मुंबईत आले, तेव्हा तटाचे दगड निघत होते. १८८० मध्ये ते व्हिएन्नास प्राध्यापक होऊन गेले, तेव्हा तेथील तटाच्या जागी विद्यापीठ उभे राहत होते. हस्तलिखितांच्या शोधात भांडारकर व ब्यूलर हे जुने सहकारी. समुद्रोल्लंघनाचा वाद महाराष्ट्रात अजून शमला नव्हता, अशा काळात भांडारकर मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून निघाले, ते ब्यूलर ह्यांच्या नगरीस. २७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर ह्या दिवसांत परिषद भरली. भांडारकरांनी रामानुजीय व पांचरात्र संप्रदायांविषयी निबंध सादर केला, आणि परतल्यावर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे प्रवासाचा वृत्तांत इंग्रजीत मांडला. तो मराठीत लिहिला गेला असता, तर रिंगश्ट्रासेस मराठी नाव देण्याचा प्रसंग १८८६ मध्येच आला असता.

ह्याच परिषदेत ब्यूलर ह्यांनी मांडलेला आणि बर्लिनचे आल्ब्रेख्त वेबर ह्यांनी अनुमोदन दिलेला एक ठराव संमत झाला. हिंदुस्थान सरकारने देशातील भाषांची व बोलींची पद्धतशीर पाहणी करावी, अशी त्याची मागणी होती. जॉर्ज ग्रीअर्सन तेथे उपस्थित होते. सरकारी पत्रव्यवहारात आठ वर्षे गेली आणि १८९४ मध्ये काम सुरू झाले. मराठीचा सातवा खंड स्टेन कोनो ह्यांच्या हातून सिद्ध होऊन १९०५ मध्ये निघाला. जागोजागचे अधिकारी बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट स्थानिक बोलीत उतरवून घेत. तिच्या जोडीला एखादा स्थानिक उतारा आणि दोनशे एक्केचाळीस शब्द-वाक्यांची ठरावीक यादी. मराठीच्या बोलींचा कोणताही अभ्यास आजही ह्या खंडापासून आरंभ करतो.

परंतु पाहणीच्या कक्षेतून मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान ही वगळली गेली होती. हैदराबाद वगळले म्हणजे संपूर्ण मराठवाडा वगळला. ज्या भूमीत ‘लीळाचरित्रा’तील कितीतरी लीळा घडल्या, जेथे नामदेव, जनाबाई आणि एकनाथ ह्यांची मराठी नांदली, त्या भूमीची बोली मराठीच्या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिली. पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाडातून नमुने गोळा झाले. दक्षिणेस तसे झाले नाहीत. नदी ही काही बोलीची सीमा नव्हती. ती सीमा १८५३ च्या तहाची होती. हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले. म्हणून वऱ्हाडची बोली इंग्रज अधिकाऱ्याच्या कागदावर आली. हिंगोली निजामाकडे राहिली. म्हणून तिची आली नाही.

ह्यातील विपर्यास असा की हिंगोली इंग्रजांच्या आवाक्याबाहेर मुळीच नव्हती. त्याच कंटिंजंटची छावणी हिंगोलीस १८१९ पासून १९०३ पर्यंत होती. पाहणी सुरू झाली तेव्हा इंग्रज अधिकारी तेथे राहत होते, त्यांचे मुनशी, शिपाई आणि बाजारकरी रोज मराठी बोलत होते. संस्थानाच्या परवानगीचा प्रश्न होता, व्यवस्थेचा प्रश्न होता, हे मान्य केले तरी एक उधळ्या पुत्राची गोष्ट लिहून घेण्यास लागणारी साधने हिंगोलीत पाऊण शतक जय्यत होती. ती वापरली गेली नाहीत. व्हिएन्नाच्या विद्वानांनी ठराव केला तेव्हा त्यांच्यापुढे अखंड देश होता. अंमलबजावणीत मात्र नकाशाच्या रंगांनी बोलींचे तुकडे केले. ज्यूल ब्लोक ह्यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनाही आधार मिळाला तो ह्याच अपुऱ्या सामग्रीचा. १९४१ मध्ये वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी त्याचा मराठी अनुवाद केला, तेव्हाही मराठवाडा निजामी राजवटीतच होता.

आता हट्ट्याच्या नावाकडे परत येता येते. ‘ट्ट’ टिकून राहण्याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की नाव कन्नडातील ‘हट्टी’ ह्या शब्दापासून आले असावे. गोठा, गवळवाडा, वस्ती असा त्याचा अर्थ. त्याचे जुने कन्नड रूप ‘पट्टि’. मराठवाड्याच्या स्थलनामांवरील कन्नडाचा प्रभाव पाहता हे अशक्य नव्हे. दुसरे असे की मूळ ‘हट्टक’च असून, स्थलनाम ह्या नात्याने ते नेहमीच्या ध्वनिपरिवर्तनापासून अलग राहिले. मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यात हट्टा नावाचे गाव आहे, बालाघाट जिल्ह्यात दुसरे आहे. तेथे कन्नडाचा संबंध जोडणे कठीण. शिवाय हिंदीतही सामान्यनाम ‘हाट’ असेच आहे, म्हणजे नियम मोडण्याची रीत तेथेही हीच. पंजाबीत ‘हट्टी’ म्हणजे दुकान. ह्याहून वजनदार पुरावा विभक्तीचा आहे. मराठी मनुष्य ‘हट्ट्याला’, ‘हट्ट्याहून’, ‘हट्ट्याचा’ असे म्हणतो. म्हणजे नाव आकारान्त पुल्लिंगी नामाप्रमाणे चालते. कन्नड ‘हट्टी’ मराठीत आली असती, तर ती ईकारान्त स्त्रीलिंगी राहिली असती, जशी दक्षिणेकडची अनेक नावे राहिली आहेत. म्हणून पारडे बाजाराच्या बाजूस झुकते.

लेखी साधनांचा उपयोग करताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी लागते. निजामी दप्तर आधी फार्सीत आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दूत चालले. त्या लिपीत व्यंजनाचे द्वित्व सामान्यतः लिहून दाखवीत नाहीत आणि शब्दान्तीचा आकार बहुधा ‘हे’ ह्या अक्षराने सूचित करतात. ‘हटा’, ‘हट्टा’, ‘हट्ट’ ही तिन्ही उच्चारणे तेथे जवळजवळ एकाच आकृतीत बसतात. द्वित्वाचा निर्णय त्यामुळे दप्तरातून होणे नाही. तो मोडी कागदांतून आणि मुख्यतः बोलणाऱ्यांच्या तोंडून व्हावयाचा. हट्टा, वसमत, औंढा ह्या टापूत ‘ट्ट’ असलेली इतर देशी नामे कशी उच्चारली जातात, जात्यावरच्या ओव्यांत गावाचे नाव कोणत्या मात्रेने येते, वृद्ध स्त्रिया ‘हट्ट्याचा बाजार’ म्हणताना द्वित्व राखतात की सैल करतात, ह्या नोंदी १८९४ नंतरच्या दशकात झाल्या असत्या तर आज त्यांची तुलना करता आली असती. मराठवाडा १९४८ मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५८ मध्ये औरंगाबादेस विद्यापीठ झाले, हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. अलीकडे डेक्कन कॉलेजाने मराठी बोलींचे सर्वेक्षणही हाती घेतले आहे. व्हिएन्नाच्या ठरावानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत शाळा, रेडिओ आणि वृत्तपत्र ह्यांनी बोलींच्या ज्या खुणा पुसल्या, त्यांचा १९०५ चा नमुना वऱ्हाडापाशी आहे. पैनगंगेच्या अलीकडे तो नाही.